नवे वर्ष आणि जुनी उचल



31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण सर्व जण प्रभूची प्रार्थना म्हणतो. ती इतकी तोंडपाठ आहे की तिच्यातला एक शब्द कानांवरून तसाच निघून जातो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे ‘पाप’ नव्हे, तर ‘ऋण’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही देणे, कर्ज असाच आहे. लूक त्या जागी पापे म्हणतो, पण लगेच पुढे त्यालाही ऋणी माणसाचीच भाषा वापरावी लागते.

नवी सुरुवात म्हणजे काय, हे ख्रिस्ती माणसाने इथून समजून घ्यावे असे मला वाटते. जग म्हणते, उद्यापासून मी बदलेन. सुवार्ता म्हणते, तुझ्या नावावरची बाकी फेडली गेली आहे, आता चालू लाग. पश्चात्ताप आपल्यालाच करायचा आहे, पण पहिले पाऊल देवाचे असते. येशू जक्कयाच्या घरी आधी गेला. चौपट परत करण्याची गोष्ट जक्कयाला त्यानंतर सुचली.

आपण ज्यांच्यामध्ये सेवा करतो त्यांच्यापैकी पुष्कळांचे ऋण मात्र अगदी रोकडे आहे. रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतील कातकरी वाड्यांचेच पाहा. भर पावसाळ्यात काम नसते, घरातले धान्य संपते, कोणी आजारी पडते. अशा वेळी वीटभट्टीच्या शेठकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते, ती उचलीत मिळवली जाते. हिशेब हजार विटांमागे होतो. विटा पाडायच्या सगळ्यांनी, लहान मुलांनीसुद्धा, आणि वही एकट्या शेठकडे. मध्येच अवकाळी पाऊस येऊन कच्च्या विटा भिजल्या की कित्येकदा ते नुकसानही मजुराच्याच माथी बसते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा अनेकांच्या अंगावर बाकी निघते, आणि ती पुढच्या हंगामावर जाते. आपण जानेवारीत नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत असतो तेव्हा ही माणसे जुनी बाकी फेडण्याच्या ऐन मध्यावर असतात.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. पण उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, किंवा किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागत असेल, तर ती वेठबिगारीच आहे, आणि ती मोडणारा कायदा आपल्या देशात 1976 पासून आहे. त्या कायद्याने असे कर्ज आपोआप रद्द होते. ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. मजुराची सुटका करून त्याला मुक्तीचा दाखला देण्याची जबाबदारी जिल्हाधिकारी व प्रांताधिकारी यांची आहे.

मग प्रश्न कुठे राहतो? दुसऱ्या दिवशी. सुटलेले कुटुंब वाडीवर परत येते तेव्हा घरात तांदूळ नसतो, मुलांची शाळा अर्ध्यात सुटलेली असते. पुढच्या भाद्रपदात तेच दार, तीच उचल. अनुवादाचा पंधरावा अध्याय या जागी मला फार शहाणा वाटतो. सातव्या वर्षी दासाला सोड, एवढे सांगून तो थांबत नाही. त्याला रिकाम्या हाताने पाठवू नको, असे बजावतो. कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून उदारपणे दे म्हणतो. कळप म्हणजे उद्याचे उत्पन्न, खळे म्हणजे आजची भाकर. द्राक्षारस तर पोट भरण्यासाठी नसतोच, तो आनंदासाठी. सुटलेल्या माणसाला आनंदाचाही वाटा आहे, हे आपण मदत करणारे सहज विसरतो.

आजच्या खळ्यात आणि कळपात काय येते? रेशन कार्ड, जातीचा दाखला, रोजगार हमीचे जॉब कार्ड. वर्षाच्या मध्येही मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात बसवण्याचा हक्क 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. मुख्याध्यापकांना भेटायला कोणीतरी सोबत गेले की काम सोपे होते. दोन-चार शेळ्या, भाजीचे बियाणे, वाडीतल्या बायकांचा बचत गट. यातले निम्मे काम पैशांचे नाही, तहसील कचेरीच्या पायऱ्या चढण्याचे आहे. आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी, शिक्षक, बँकेतले कर्मचारी आहेत. त्यांचा एक दिवस पुष्कळ ब्लँकेटांच्या मोलाचा आहे. (ब्लँकेटेही पाठवा, थंडी खरीच असते.)

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात गरिबांना कर्जात अडकवणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईने मुलीच्या आजारपणात घेतलेले पैसे दर महिन्याला पगारातून कापले जात असतील, तर नव्या वर्षाची सुरुवात तिच्याच वहीपासून करता येईल. पौलाने फिलेमोनाला अनेसिमाबद्दल लिहिताना उपदेश केलाच, पण त्याचे जे देणे असेल ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हेही स्वतःच्या हाताने लिहून दिले.

जानेवारीत येणाऱ्या देणग्यांबद्दल आम्ही देवाचे आभार मानतोच. पण वाडीची अडचण जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत असते. उचल तेव्हाच घेतली जाते. तेव्हा शक्य असेल त्यांनी संकल्प आता करावा आणि रक्कम पावसाळ्यासाठी राखून ठेवावी. एका घराचे त्या तीन महिन्यांचे धान्य आणि औषधपाणी निघाले, तर दिवाळीनंतर भट्टीवर जायचे की नाही, हे त्या घराला स्वतः ठरवता येते.