पिल्लाचे पहिले चार महिने
कुत्र्याच्या पिल्लाला आईच्या चिकातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. तीच द्रव्ये लसही निष्प्रभ करतात आणि ती कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. म्हणून पार्व्हो या विषाणूची लस 6 ते 8 आठवड्यांपासून 16व्या आठवड्यापर्यंत दर 3-4 आठवड्यांनी पुन्हा टोचतात. एकाच डोसवर थांबणे फार घातक; पार्व्होने रक्ताची हगवण लागलेले पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावते. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर.

माणसाळण्याचे वय मात्र लसींसाठी थांबत नाही: कुत्र्याला साधारण 3 ते 14 आठवडे, मांजराला जेमतेम 2 ते 7. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या वारंगा फाट्यासारख्या गजबजलेल्या ठिकाणी ट्रकचे हॉर्न पिल्लाला याच वयात, कडेवर घेऊन, लांबून ऐकवावेत. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडू नये.