ऑइल बदलल्यावर मालमोटार का अडते?

नाशिक जिल्ह्याच्या व्यवहारात मालमोटारीचे स्थान मोठे आहे. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारांतून कांदा, तसेच आसपासच्या मळ्यांतून द्राक्षे, मुंबई-आग्रा रस्त्याने दूरदूरच्या गावी रवाना होतात. ह्या धंद्यातील मंडळींच्या तोंडून थंडीच्या दिवसांत एक तक्रार पुष्कळदा ऐकू येते: ‘कालच इंजिनाचे ऑइल बदलले, आणि आज पहाटे गाडी चालू होता होईना!’ गाडी अडली की माल नासतो, भाडे बुडते, आणि दोष तत्काळ मेस्त्रीच्या माथी बसतो. हा निवाडा कितपत न्याय्य असतो, ह्याचा आपण विचार करू.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल ह्यास १८९३ साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले, तिचे मर्म असे की, सिलिंडरातील हवा एकाएकी दाबली असता ती अतिशय तापते व तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, हे विद्यार्थ्यांनी अनुभवले असेलच. त्याचेच हे मोठे रूप होय. परंतु हवा सावकाश दाबली गेली, तर उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरते, थोडी हवाही निसटते, आणि इंधन पेटत नाही. सबब, स्टार्टरने इंजिन पुरेशा वेगाने फिरविणे अगत्याचे असते.

आता ऑइलकडे वळू. डब्यावर ‘१५ डब्ल्यू ४०’ असे आकडे असतात. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. पहिला आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत अधिक पातळ राहते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दर्शवितो. १५ च्या जागी २० चे, किंवा नुसते ४० नंबरचे ऑइल घातले, तर पहाटे ते अधिक दाट होते व स्टार्टरवर भार पडतो. निफाडच्या बाजूस हिवाळ्यात पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. निकोप बॅटरी हा भार सहज सोसते. थकलेली बॅटरी मात्र हार खाते. ऑइल खुणेच्या वर भरले असल्यास फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळू लागतो, आणि त्यानेही भार वाढतो.

परंतु सर्व्हिसिंगच्या वेळी केवळ ऑइलच बदलते असे नाही. बहुधा डिझेलचा फिल्टरही बदलतात. त्या वेळी नळीत हवा शिरली व ती नीट काढली नाही, तर इंधन पुढे सरकत नाही. बॅटरीच्या तारेस धक्का लागून ती सैल झाली, तरीही गाडी अडते.

मग खरे कारण ओळखावे कसे? प्रथम कानाने ऐकावे. सेल मारताच इंजिन कण्हत कण्हत मंद फिरत असेल, तर बॅटरी, तिची जोडणी, ऑइलचा आकडा व त्याची पातळी तपासावी. इंजिन झपाट्याने फिरूनही पेट घेत नसेल, तर डिझेलच्या नळीतील हवेचा संशय घ्यावा व हातपंपाने ती काढून टाकावी. सेल एका वेळी थोडे क्षणच मारावा, व मध्ये विसावा द्यावा. नाही तर उरलीसुरली बॅटरीही संपते. मुख्य म्हणजे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी चालू होईल, पण कारण कळणार नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपल्या भाषेत म्हणतात. ऑइल बदलले त्याच रात्री थंडीची लाट आली, आणि चार वर्षांची बॅटरी त्याच पहाटे थकली, असेही घडू शकते. एका गोष्टीमागून दुसरी आली, एवढ्यावरून पहिलीने दुसरी घडविली असे ठरत नाही. गाडीमालकांनी ऑइलच्या डब्यावरील आकडे व बदलल्याची तारीख वहीत टिपून ठेवावी, म्हणजे तपासास आधार मिळेल. चूक मेस्त्रीची निघाल्यास ती त्याजकडून अवश्य सुधारून घ्यावी. मात्र पुराव्यावाचून गरिबाच्या कसबास बट्टा लावणे, ही खोटी साक्षच होय. आणि ती देऊ नये, हे आपल्या शाळेतील लहानातल्या लहान मुलासही शिकविलेले आहे.