पॅरिसची बैठक आणि मोगलाईतली गावं

दरवर्षी 17 सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावात झेंडावंदन होतं. 15 ऑगस्टला महिना होतो न होतो तोच पोरं पुन्हा इस्त्रीचे गणवेश घालून रांगेत उभी राहतात. पुण्याकडून बदलून आलेल्या माणसाला कळत नाही, हे कशाचं? मग कुणीतरी सांगतं, आम्ही तेरा महिने उशिरा स्वतंत्र झालो.

त्या तेरा महिन्यांतली रझाकारी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जुलूम, घरोघर सांगितला जातो. हैदराबादचा तोच प्रश्न लंडन-पॅरिसात कसा लढवला गेला, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तेव्हा हा सगळा मुलूख हैदराबादच्या निजामाचा, म्हणजे मोगलाई. जून 1947 मध्ये निजामाने फर्मान काढून स्वतंत्र राहण्याचं जाहीर केलं. 29 नोव्हेंबरला भारताशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला आणि कन्हैयालाल मुन्शी भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत जाऊन बसले. निजामाचे कायदेपंडित होते इंग्रज, सर वॉल्टर मॉन्क्टन. 1948 च्या जुलैत ब्रिटनच्या संसदेत चर्चिल यांनी नेहरूंच्या भाषेची तुलना थेट हिटलरशी केली. गावोगाव रझाकार घरं जाळत होते, माणसं रातोरात वऱ्हाडात निघून जात होती. या गावकऱ्यांची कड घेणारं त्या सभागृहात कोण होतं?

21 ऑगस्टला निजामाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार धाडली. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा आत शिरल्या, हीच ‘पोलिस ॲक्शन’. 16 तारखेला पॅरिसला परिषद भरली. हैदराबाद हे मुळी स्वतंत्र राष्ट्रच नाही, तर तक्रार ऐकायची कशी, हा भारताकडून रामस्वामी मुदलियार यांचा मुद्दा. समोर निजामाचे परराष्ट्रमंत्री मोईन नवाज जंग. विषय कामकाजात घ्यायचा का, यावर मतं पडली : बाजूने आठ, विरोधात एकही नाही, तटस्थ तीन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निजाम शरण आला! आठवड्याच्या आत त्याने तक्रार मागे घेतली. विषय मात्र परिषदेच्या यादीत पुढे कित्येक वर्षं पडून राहिला.

आपल्या भाषणांत गोष्ट इथे संपते. माझ्या मते ती इथे संपवणं बरोबर नाही. पोलिस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. केंद्र सरकारनेच नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना फिरून यायला सांगितलं. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नोंदवलेच. पण पोलिस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मेलेल्यांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे सर्वांत होरपळलेले जिल्हे. शेजारच्या मुसलमानाला जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचाही त्यांच्या अहवालात उल्लेख आहे. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. बाहेरच्यांनी विचारलं तर ‘हा आमचा घरातला प्रश्न’ हे उत्तर रास्तच होतं, पण घरातल्यांनाही ते कळू दिलं नाही.

घरातला प्रश्न बाहेर जाण्याचा पेच पुढेही आला : 1994 मध्ये काश्मीरवरून पाकिस्तानने संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हाच्या मानवी हक्क आयोगात भारताला घेरलं. पंतप्रधान होते नरसिंह राव, 1948 च्या लढ्यात चांद्याच्या सरहद्द कॅम्पवर काम केलेले, मराठी अस्खलित बोलणारे. त्यांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं विरोधी पक्षनेते वाजपेयींना. सोबत फारूक अब्दुल्ला, सलमान खुर्शीद. 22 फेब्रुवारीला संसदेने काश्मीरविषयी एकमताने ठराव केला, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. मार्चमध्ये पाकिस्तानने प्रस्ताव मागे घेतला. तोवर देशात राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झालेला होता, ऑक्टोबर 1993 मध्ये. आमच्या लोकांची दाद आमच्याकडेच लागते, असं म्हणायला निदान एक दार तरी दाखवता येत होतं. 1948 च्या गावकऱ्याला तेही नव्हतं.

तुमच्या घरात तेव्हाचं कुणी अजून असेल, तर या 17 सप्टेंबरला त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या. रझाकारांचंही, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांचंही.