दगडाच्या पोटात गेलेला रंग

‘बॉम्ब रश सायबरफंक’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. नेदरलँड्समधल्या ‘टीम रेप्टाइल’ या छोट्या कंपनीने तो ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आणला. पायात चाकांचे बूट किंवा पायाखाली स्केटबोर्ड, हातात रंगाचा स्प्रे. रेलिंगवरून घसरत जायचे, हवेत गिरक्या घ्यायच्या, पोलिसांना चुकवायचे आणि न्यू अ‍ॅमस्टरडॅम नावाच्या काल्पनिक शहरातल्या भिंतींवर आपल्या टोळीची ग्रॅफिटी उमटवायची. सेगा कंपनीच्या २००० सालच्या ‘जेट सेट रेडिओ’ या गेमचा हा मानसवारस. त्या जुन्या गेमचे संगीतकार हिदेकी नागानुमा यांच्या चालीही यात आहेत. चित्रे भडक, चाल वेगवान. कॉलेजच्या मुलामुलींना तो आवडला तर नवल नाही.

यातली भिंत काही क्षणांत रंगते. पडद्यावरचे ठिपके जोडले की चित्र तयार. दुसऱ्या टोळीच्या चित्रावर आपले चढवले की खालचे जणू कधी नव्हतेच. संगणकाच्या दृष्टीने ही भिंत म्हणजे नुसता पृष्ठभाग. तिला जाडी नाही, छिद्रे नाहीत, आत ओल नाही. खऱ्या दगडाला हे सगळे असते, आणि रंगाची सारी अडचण तिथून सुरू होते.

ती अडचण पाहायला परदेशात जायची गरज नाही. भोर आणि वेल्हे तालुक्यांत राजगड, तोरणा, रोहिडा असे गड आहेत. गडाच्या नावावरून वेल्हे तालुक्याचेच नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. त्याच गडाच्या भिंतींवर मात्र येणारे-जाणारे स्वतःची नावे लिहून जातात. बदाम, त्यातून गेलेला बाण, दोन अक्षरे, एक तारीख. याचे खापर व्हिडिओ गेमवर फोडण्यात अर्थ नाही. गडांवर नावे लिहिण्याची खोड मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि स्प्रेपेक्षा खडू, कोळसा, किल्ली आणि टोकदार दगड यांचा वापर त्यात जास्त. पण स्प्रेचा रंग सगळ्यांत वाईट का, हे समजून घ्यायला हवे.

रंगाला रंग देणारी पूड मुळात फारशी निराळी नसते. भोरमधल्या रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती दाखवतात. तिथल्या खडकाची युगानुयुगे झीज होऊन त्यातल्या लोखंडाची संयुगे उरली. लालसर छटा हेमॅटाइट या खनिजाची, पिवळी आणि तपकिरी गोएथाइटची. आपला गेरूही याच घराण्यातला, आणि कारखान्यातल्या लाल-तपकिरी रंगांत हेच लोह ऑक्साइड वापरतात. तरीही पाण्यात कालवलेला गेरू पावसात धुऊन जातो आणि स्प्रेचा लाल रंग वर्षानुवर्षे टिकतो. फरक पुडीत नाही, तिला धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात आहे.

स्प्रेच्या डब्यात पुडीबरोबर रेझिन, ते पातळ ठेवणारे द्रावक आणि सगळे जोराने बाहेर फेकणारा वायू असतो. फवारा दगडावर बसला की द्रावक उडून जाते आणि रेझिन आवळून घट्ट होते. काही रेझिनांची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन त्यांच्या रेणूंची जाळी विणली जाते. ही क्रिया बरेच दिवस चालू राहते. त्यामुळे कालचा रंग आणि गेल्या वर्षीचा रंग यांत मोठा फरक पडतो. ताजा रंग तुलनेने सहज सुटतो. जाळी पक्की झाली की साध्या द्रावकाला तो दाद देत नाही.

आता दगडाकडे वळू. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून तयार झाला. त्याचा घट्ट थर फारसे पाणी पीत नाही. पण लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले सच्छिद्र थरही असतात, आणि तीन-साडेतीनशे पावसाळे खाल्लेल्या चिऱ्याच्या वरच्या सालीत बारीक भेगा पडलेल्या असतात. पातळ रंग केशाकर्षणाने या भेगांत शिरतो, दिव्याची वात तेल ओढते तसा.

चुन्याच्या गिलाव्याची गत आणखी नाजूक. कातळावर साध्या किल्लीने सहसा नीट ओरखडाही उठत नाही. गिलावा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून मऊ. त्यावर नाव लगेच कोरले जाते. शिवाय चुन्याची भिंत श्वास घेते असे गवंडी म्हणतात, ते शास्त्राला धरून आहे. पावसाळ्यात आत गेलेली ओल नंतर वाफ होऊन त्याच छिद्रांतून बाहेर पडते. वर तेलरंगाचा पापुद्रा बसला की ही वाट बंद होते. ओल आत साठते, तिच्यातले क्षार पापुद्र्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि एके दिवशी रंगासकट गिलाव्याची खपली निघते. वेल्ह्यासारख्या मुसळधार पावसाच्या भागात हे चक्र दरवर्षी फिरते.

मग रंग घासून काढायचा का? इथे चांगल्या मनाने केलेले कामही अंगाशी येते. गडस्वच्छतेला निघालेल्या एखाद्या गटाने तारेचा ब्रश घेतला, तर रंगाबरोबर दगडाची जुनी, स्थिरावलेली सालही जाते आणि उघडा पडलेला खडबडीत भाग पुढच्या पावसात जास्त पाणी पितो. ब्रशच्या तारेचे कण मागे राहून गंजाचे डाग पडतात ते वेगळेच. थिनर ओतला तर वरचा रंग विरघळतो खरा, पण तो पातळ होऊन आणखी आत झिरपतो आणि त्याची फिकट सावली कायमची राहते. बाथरूमचे अ‍ॅसिड तर चुन्याचा शत्रू. फेस येतो, तो मळ निघाल्याचा नव्हे. चुना विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. आणि वरून सिमेंट किंवा दुसरा रंग फासला की पुन्हा श्वास कोंडतो.

तज्ज्ञ उलट दिशेने काम करतात. योग्य द्रावकात भिजवलेल्या मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा जाड लेप डागावर देतात आणि तो हळूहळू सुकू देतात. सुकताना लेप विरघळलेला रंग आत न ढकलता बाहेर ओढून घेतो. मुलतानी माती चेहऱ्यावरचे तेल ओढते, तसेच काहीसे. आधी कोपऱ्यातल्या बोटभर जागेवर चाचणी होते, मग एकेक लेप. एका नावासाठी हा उद्योग अनेकदा करावा लागू शकतो, तोही डोक्यावर सामान घेऊन गड चढून. काही देशांत लेसरनेही दगड साफ करतात, पण ते खर्चिक आहे.

या सगळ्याला आता नवे वजन आले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगड आहे. तो राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे संरक्षित आहे. संरक्षित स्मारक विद्रूप करणे हा गुन्हा तर आहेच. पण परवानगीशिवाय ते ‘साफ’ करायला जाणेही योग्य नाही.

लिहिणाऱ्याच्या तब्येतीचाही विचार करायला हवा. गेममधली पात्रे दिवसभर फवारा मारून ताजीतवानी असतात. खऱ्या फवाऱ्यातली द्रावकांची वाफ आणि रंगाचे सूक्ष्म कण छातीत गेले की डोके दुखते, गरगरते, घसा जळजळतो. रुमाल किंवा साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मास्क लागतो, आणि परवानगीच्या भिंतींवर काम करणारे जाणते ग्रॅफिटी कलाकार तो वापरतात. बुरुजाच्या टोकावर, जोराच्या वाऱ्यात, गरगरणाऱ्या डोक्याने उभे राहणे किती धोक्याचे, ते सांगायला नको. रिकामा डबा शेकोटीत टाकला तर तो फुटू शकतो.

गडावर ताजा रंग दिसला, तर हात न लावता त्याचा फोटो घ्यावा. फोटोत आजूबाजूची खूण, म्हणजे दरवाजा, बुरूज किंवा टाके, दिसेल असे पाहावे आणि वेळ व तारखेसह तो त्याच दिवशी पुरातत्त्व खात्याकडे किंवा गडावरच्या पहारेकऱ्याकडे द्यावा. रेझिन पक्के होण्याआधीच्या त्या थोड्या दिवसांत लेप जास्त उपयोगी पडतो.