रेंजचं वार्षिक सदस्यत्व घ्यावं का?
जबलपूरच्या ओमतीतल्या नवशिक्या नेमबाजांनो, वर्षाची फी एकदम भरण्याआधी आपला प्रकार ठरवा. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये हाताची स्थिरता आणि ट्रिगरवरचा ताबा घरच्या ड्राय फायरनेही, म्हणजे गोळी न भरता केलेल्या सरावानेही, बराच सुधारतो. त्यामुळे आठवड्यातून एकदाच रेंजवर जाणाऱ्याला दर खेपेचे पैसे देणंच परवडतं. मग सदस्यत्व कशाला? चुका दाखवणाऱ्या प्रशिक्षकासाठी! घरी चुकाही तितक्याच घट्ट बसतात. आपल्या जबलपूरची रुबिना फ्रान्सिस इथल्या गन फॉर ग्लोरी अकादमीत शिकली आणि २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिने कांस्य जिंकलं. ५० मीटर रायफलचं गणित निराळं: बंदुकीला परवाना हवा, आणि एवढं अंतर घरात कुठून आणणार? तिथे रेंजला पर्यायच नाही. बाकीच्यांनी शक्यतो आधी महिन्याचीच फी भरावी.