आत्यांनी पाहिले, आम्ही नाही

गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही वाक्वाहून कात्र बोर्नच्या बाजाराला निघालो होतो. शेजारी आमच्या आत्या बसल्या होत्या. वाटेत भावाचा फोन आला. आमच्या नव्या गाडीत फोन हातात धरावा लागत नाही. स्टिअरिंगवरील बटण दाबले की गाडीच बोलू लागते. घरच्या गणपतीविषयी बोलणे झाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

फोन बंद झाला तशा आत्या म्हणाल्या, "अरे, त्या पोराला पाहिलंस का?"

"कोणत्या पोराला, आत्या?"

"पांढऱ्या पट्ट्यांवर पाय टाकला होता त्यानं. तू थांबला नाहीस. बिचारा मागे सरला. तुझा फोन चालू होता, म्हणून मी बोलले नाही."

आम्ही त्याला पाहिलेच नव्हते. आत्या नसत्या तर आपण आज उत्तम गाडी चालवली, असे आम्ही शपथेवर सांगितले असते. वीस वर्षे मुलांना रस्ता ओलांडायला शिकवणाऱ्या मास्तरांची ही गोष्ट!

घरी आल्यावर आम्ही थोडे वाचन केले. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या सानबोनमात्सू, स्ट्रेयर आदी संशोधकांनी याच प्रश्नावर 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांनी काहींना फोनवर बोलत, तर काहींना फोनशिवाय गाडी चालवायला लावली आणि नंतर विचारले, तुम्ही कितपत सुरक्षित चालवलीत? फोन नसलेल्यांचे उत्तर त्यांच्या चुकांशी जुळत होते. ज्याच्या चुका जास्त, तो स्वतःला कमी गुण देत होता. फोनवाल्यांनी गंभीर चुका अधिक केल्या, पण त्यांनी स्वतःला दिलेल्या गुणांचा त्या चुकांशी काही संबंधच नव्हता. कारण उघड आहे. चूक झाली हे कळायलाही लक्ष लागते, आणि तेच तर फोनकडे गेलेले असते. मुलाने उत्तरपत्रिका न पाहताच स्वतःला गुण द्यावेत, तसा हा प्रकार.

त्यात आपला मूळ अहंकार वेगळाच. 1981 साली स्वेन्सन यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा शंभरातील 93 जणांनी आपले वाहनकौशल्य निम्म्याहून अधिक चालकांपेक्षा वरचढ ठरवले होते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत विचारले तर शंभरच्या शंभर निघतील!

हातात फोन धरून गाडी चालवणे आपल्या बेटावर गुन्हा आहे, म्हणून हात मोकळे असले की आपण निर्धास्त होतो. नव्या गाड्यांत तर रेडिओचे बटणही काचेच्या पडद्यात गेले. जुने बटण बोटांना न पाहता सापडत असे. पडद्याकडे पाहावेच लागते. ताशी 80 किलोमीटर वेगात दोन सेकंद पाहिले, की गाडी सुमारे 44 मीटर पुढे गेलेली असते. गाडीला तोंडी हुकूम दिला तरी सुटका नाही. स्ट्रेयर यांच्याच 2015 मधील चाचण्यांत काही गाड्यांत हुकूम देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ववत व्हायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी 40 च्या वेगाने तेवढ्यात गाडी 300 मीटर जाते. आपल्या गावांत 300 मीटरांत शाळा येते, बसथांबा येतो, दुकान येते.

मग शेजारच्या माणसाशीही बोलू नये काय, असे कोणी विचारील. पण शेजारी बसलेला माणूस रस्ता पाहत असतो. गर्दी आली की आपोआप गप्प होतो, प्रसंगी "सांभाळ" म्हणतो. फोनवरच्या भावाला आमच्यापुढची गर्दी कशी दिसणार?

हल्ली आमचा फोन आत्यांच्या पिशवीत असतो. परवा भावाचा पुन्हा फोन आला. आत्यांनी तो घेतला आणि म्हणाल्या, "हा गाडी चालवतोय. पोचल्यावर बोलेल." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "समोर बघ."

आम्ही समोरच बघत होतो. निदान आम्हाला तरी तसे वाटत होते.