झाशी नगर मतदारसंघ : तटाआडचे शहर आणि त्याचे प्रतिनिधी

झाशीच्या जुन्या शहराभोवती जो तट होता, त्याच्या दहा दरवाजांपैकी ओरछा गेट हा बेतवाकाठच्या ओरछा गावाकडे जाणाऱ्या वाटेवरचा दरवाजा होय. तट जागोजाग ढासळला किंवा घरांनी गिळला, तरी दरवाजांची नावे वस्त्यांना चिकटून राहिली, आणि 'अंदर' व 'बाहर' हे दोन शब्द मोहल्ल्यांच्या नावांआधी लावून दरवाजाच्या आतले कोण व बाहेरचे कोण हे आजही सांगितले जाते. ही आतली-बाहेरची वस्ती मिळून आज उत्तर प्रदेश विधानसभेच्या 223 क्रमांकाच्या 'झाशी नगर' मतदारसंघात मोडते. म्हणजे एका आमदाराची निवड करणारा जो ठरावीक भूभाग, त्याची सीमा आता तटाने नव्हे तर सरकारी आदेशाने आखलेली आहे.

प्रतिनिधित्वाची ही व्यवस्था येण्यापूर्वी झाशीचा धनी अनेकदा बदलला. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने 1613 मध्ये बांधलेला किल्ला अठराव्या शतकात पेशव्यांच्या ताब्यात आला, 1742 पासून नारो शंकर या सुभेदाराने किल्ला वाढवून शहर वसवले, आणि दक्षिणेतून आलेली मराठी ब्राह्मण, कारकुनी व लष्करी कुटुंबे तिथेच रुजली. झाशीचे राजे गंगाधरराव 1853 मध्ये निवर्तल्यावर, दत्तक वारस नाकारण्याच्या गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या धोरणानुसार, संस्थान 1854 मध्ये खालसा झाले. 1858 च्या वेढ्यात इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या सैन्याने 3 एप्रिलला शहरावर अंतिम हल्ला चढवला. ओरछा गेट दुल्हाजू नावाच्या माणसाने फितुरीने उघडून दिले, ही कथा लोकमानसात घट्ट बसली असली, तरी इंग्रजांच्या वृत्तांतात भर आहे तो तोफांनी पाडलेल्या खिंडारावर आणि शिड्यांवर, त्यामुळे तिच्याकडे इतिहासापेक्षा लोकस्मृती म्हणून पाहणे अधिक योग्य. पुढे 1861 मध्ये शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देण्यात आले आणि 1886 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी ते परत घेतले. या देवघेवीत झाशीकरांचे मत कोणीही विचारले नाही.

मत विचारले जाऊ लागले तेव्हा मात्र शहराच्या राजकारणात एक लक्षणीय गोष्ट घडली. झाशीतच 1891 मध्ये जन्मलेले वकील रघुनाथ विनायक धुळेकर हे 1937 मध्ये काँग्रेसतर्फे संयुक्त प्रांताच्या विधानसभेत गेले, नंतर घटना समितीचे, म्हणजे भारताची राज्यघटना तयार करणाऱ्या सभेचे, सदस्य झाले आणि 1952 मध्ये पहिल्या लोकसभेत झाशीतून निवडून आले. घटना समितीच्या कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी, 10 डिसेंबर 1946 रोजी, ते हिंदुस्तानीत बोलू लागले; तात्पुरते अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी अनेक सदस्यांना ती भाषा कळत नाही असे सांगितले, तरीही ते मागे हटले नाहीत, उलट हिंदुस्तानी न जाणणाऱ्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही अशा आशयाचे कठोर उद्गार त्यांनी काढले. दक्षिणेतील सदस्यांना ते खटकणे स्वाभाविक होते. मराठी घराण्यातला हा माणूस हिंदुस्तानीसाठी इतका आग्रही झाला, यावरून झाशीतील मराठी मंडळी उत्तरेच्या सार्वजनिक जीवनात किती पूर्णपणे सामावली होती हे दिसते. मराठी मतांचा गठ्ठा पाठीशी असलेला पुढारी असे बोलला नसता.

त्यांचे समकालीन आत्माराम गोविंद खेर हेही झाशी जिल्ह्यातलेच. खेर हे आडनाव झाशी ज्या प्रदेशात मोडते त्या बुंदेलखंडाला नवे नव्हते, कारण पेशव्यांचे तिथले मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांचे मूळ आडनावही खेरच होते. आत्माराम खेर 1952 ते 1962 अशी सलग दहा वर्षे उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष होते आणि 1969 ते 1974 या काळात पुन्हा त्या पदावर आले. विधानसभा हे थेट निवडून आलेल्या आमदारांचे सभागृह. विधान परिषद हे वरचे सभागृह, ज्यात पदवीधर, शिक्षक, स्थानिक संस्था व आमदार यांनी निवडलेले आणि राज्यपालांनी नेमलेले सदस्य असतात, आणि तिच्या पीठासीन अधिकाऱ्याला सभापती म्हणतात. धुळेकर 1958 ते 1964 या काळात त्या परिषदेचे सभापती होते. परिणामी 1958 ते 1962 या चार वर्षांत देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्याच्या दोन्ही सभागृहांत आसनावर झाशीचे मराठी गृहस्थ बसत होते, आणि या गोष्टीची महाराष्ट्रात जेवढी दखल घेतली जायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही. दोघांनाही ही पदे काँग्रेसमधील कामगिरीने मिळाली. राणी लक्ष्मीबाईच्या वारशाचा आधार त्यासाठी लागला नाही.

लोकसभेत धुळेकरांनंतर 1957, 1962 आणि 1967 मध्ये डॉ. सुशीला नय्यर काँग्रेसकडून आणि 1977 मध्ये जनता लाटेत निवडून आल्या. गांधीजींच्या डॉक्टर, केंद्रीय आरोग्यमंत्री आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापक म्हणून त्यांची ओळख मराठी वाचकाला आहेच. त्यांनी झाशीचे चार वेळा प्रतिनिधित्व केले हे मात्र सहसा आठवत नाही.

शहराची विधानसभेची जागा 1980 मध्ये राजेंद्र अग्निहोत्री यांच्या रूपाने भारतीय जनता पक्षाकडे गेली आणि 1985 मध्ये ओमप्रकाश रिछारिया यांच्यामार्फत काँग्रेसकडे परतली. 1989 पासून रवींद्र शुक्ल यांनी ती भाजपसाठी सलग राखली, आणि कल्याणसिंह सरकारात प्राथमिक शिक्षण राज्यमंत्री असताना शाळांत 'वंदे मातरम्' सक्तीचे करण्याच्या परिपत्रकावरून त्यांना 1998 मध्ये पद गमवावे लागले. काँग्रेसचे प्रदीप जैन 'आदित्य' 2007 मध्ये आमदार आणि 2009 मध्ये खासदार झाले. त्यांनी सोडलेली विधानसभेची जागा पोटनिवडणुकीत बहुजन समाज पक्षाने जिंकली. 2012, 2017 आणि 2022 या तिन्ही वेळा भाजपचे रवी शर्मा निवडून आले.

सीमांची आखणी हा या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. 2001 च्या जनगणनेच्या आधारे 2008 मध्ये मतदारसंघांची जी पुनर्रचना झाली, तिच्यानुसार झाशी लोकसभेत बबीना, झाशी नगर आणि मऊरानीपूर यांच्या जोडीला ललितपूर जिल्ह्यातील ललितपूर व महरौनी हे विधानसभा मतदारसंघ आले, तर झाशी जिल्ह्यातलाच गरौठा जालौन लोकसभेला जोडला गेला. शिवाय ज्या गावाचे नाव दरवाजाला आहे ते ओरछा मध्य प्रदेशात आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये मायावती सरकारने उत्तर प्रदेशाचे चार भाग करून बुंदेलखंडाचे वेगळे राज्य व्हावे असा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला, पण तोही केवळ उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडापुरता होता. ओरछा त्याच्याही हद्दीबाहेरच राहिले असते.